कुराण वाचणे आणि कुराणाप्रमाणे वागणे

भल्या पहाटे मुसलमान वस्तीतून चालत गेलात, तर एखाद्या घरातून सुरात वाचल्याचा आवाज कानावर येतो. कधी म्हातारी आजी वाचत असते. कधी शाळेला जायच्या आधी पोरगी वाचत असते. पुढ्यात लाकडाची घडीची बैठक असते. तिला रेहल म्हणतात. त्या रेहलवर ग्रंथ उघडून ठेवलेला असतो. हातपाय, तोंड धुतल्याशिवाय त्याला कोणी शिवत नाही. वाचून झाले की तो कापडात गुंडाळतात आणि उंच जागी ठेवतात. हा ग्रंथ म्हणजे कुराण शरीफ.

एवढा मान का? मुसलमानांची श्रद्धा अशी, की कुराण हे माणसाने रचलेले पुस्तक नव्हे. ते अल्लाचे शब्द आहेत. हजरत महंमद पैगंबरांच्या तोंडून ते लोकांना ऐकू आले. म्हणून ते नुसते वाचले तरी पुण्य लागते, असे मुसलमान मानतात.

पण तेवढ्याने भागत नाही. हा ग्रंथ वाट दाखवायला आला आहे, असे कुराणातच सांगितले आहे. आता बघा, कोणी आपल्याला वाट दाखवली, आपण मान डोलावली आणि जागीच उभे राहिलो, तर गाव कसे येणार? चालावे लागते. कुराणाच्या वाटेने चालणे कुठे सोपे जाते आणि कुठे जड जाते, ते आज पाहू.

पहिला शब्द

अरबस्तान हा वाळवंटी मुलूख. तिथे मक्का नावाचे व्यापाराचे शहर आहे. सुमारे ५७० साली तिथे महंमद पैगंबरांचा जन्म झाला. जन्माआधीच वडील वारले होते. सहा वर्षांचे असताना आई गेली. आठ वर्षांचे असताना आजोबा गेले. मग चुलत्याने सांभाळले. पोरकेपण काय असते ते त्यांनी लहानपणीच भोगले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

मोठेपणी ते व्यापार करू लागले. देण्याघेण्यात चोख. लोक त्यांना ‘अमीन’ म्हणत. अमीन म्हणजे विश्वासू माणूस.

वयाच्या चाळिशीत, ६१० साली, ते मक्केजवळच्या हिरा नावाच्या गुहेत ध्यान करीत बसले होते. तिथे त्यांना कुराणाचा पहिला संदेश आला. त्या संदेशाचा पहिला शब्द काय होता ठाऊक आहे? ‘वाच’ हा तो शब्द. त्याच संदेशात लेखणीचेही नाव आहे. आणि पैगंबरांना स्वतःला तर लिहिता-वाचता येत नव्हते, असे मुसलमान मानतात. तुम्ही नुकतीच अक्षरे गिरवू लागला आहात. त्या शब्दाचे वजन तुम्हाला चटकन कळेल.

पुढे मक्केच्या लोकांनी छळ केला, म्हणून ६२२ साली पैगंबर मदिना शहरात गेले. ६२४ साली बद्र इथे लढाई झाली. त्यात मक्केचे काही लोक कैद झाले. पैसे भरून सुटका करून घेण्याची तेव्हा रीत होती. काही कैद्यांजवळ पैसे नव्हते, पण त्यांना लिहिता येत होते. अशा कैद्याने मदिनेतल्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरले. पैगंबरांच्या जुन्या चरित्रांत ही हकीकत आहे. शत्रूला गुरुजी करण्याची ही तऱ्हा मला तरी फार आवडते.

कुराण एका दिवसात आले नाही. तेवीस वर्षे ते थोडे थोडे येत गेले. त्यात ११४ अध्याय आहेत. अध्यायाला सुरा म्हणतात. सुरेतल्या एकेका वचनाला आयत म्हणतात. सगळ्या मिळून सहा हजारांवर आयती आहेत.

पैगंबरांचे सोबती हे शिकत कसे? जुन्या लोकांनी सांगून ठेवले आहे, की ते एका वेळी दहा आयती शिकत. त्यांचा अर्थ समजून घेत. त्या वागण्यात आणीत. मगच पुढच्या दहा आयतींकडे वळत. म्हणजे पाठ करणे, समजणे आणि वागणे ही तीन कामे त्यांच्या लेखी एकच होती. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांना एकाने विचारले होते, की पैगंबर वागायला कसे होते. त्यांच्या उत्तराचा मतलब असा, की त्यांचे वागणे कुराणासारखेच होते. त्यांना पाहिले की ग्रंथ पाहिल्यासारखे होई.

नमाज आणि घागर

कुराणात १०७ क्रमांकाची एक सुरा आहे. अगदी छोटी, फक्त सात आयतींची. नमाजात ती पुष्कळ वेळा म्हटली जाते. तिच्यात काय आहे? पोरक्या मुलाला जो धक्का मारून हाकलतो आणि गरिबाच्या पोटाची ज्याला फिकीर नाही, त्याचा धर्म खोटा आहे, असे तिच्यात सांगितले आहे. पुढे आणखी कडक गोष्ट आहे. जे नमाज पढतात, पण लक्ष न देता, लोकांना दाखवायला पढतात, आणि शेजाऱ्याला बारीकसारीक वस्तूसुद्धा देत नाहीत, त्यांचा धिक्कार केला आहे.

बारीकसारीक वस्तू म्हणजे काय? जुन्या जाणत्यांनी तिचाही अर्थ सांगितला आहे. पाणी शेंदायचे पोहरे, स्वयंपाकाचे भांडे, कुऱ्हाड, चिमूटभर मीठ. आपल्या गावातही हेच लागते, नाही का? नमाज पाच वेळा पढली आणि शेजारीण घागर मागायला आली तर दार लावून घेतले. कुराणाच्या हिशेबी ही नमाज फुकट.

दुसऱ्या एका आयतीत हीच गोष्ट मोठ्या मापाने आली आहे. पूर्वेला तोंड केले की पश्चिमेला, एवढ्याने पुण्य होत नाही, असे ती सांगते. अल्लावर श्रद्धा हवी. शिवाय आपला प्रिय पैसा नातलगाला, पोरक्याला, गरिबाला, वाटसरूला द्यावा. दिलेला शब्द पाळावा. संकटात धीर धरावा. नमाज पढणे आणि जकात देणे हे त्याच यादीत आहे.

जकात हा शब्द आपल्याला वेगळ्या कामासाठी ठाऊक आहे. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे, तिथे मालावर पैसे भरावे लागत. मूळ शब्द एकच. पण मुसलमानी धर्मातली जकात म्हणजे गरिबाचा हक्काचा हिस्सा. ठराविक मर्यादेच्या वर पैसा किंवा सोनेचांदी वर्षभर घरात राहिली, तर चाळिसावा भाग द्यायचा, म्हणजे शंभरामागे अडीच रुपये. शेतकऱ्याचा नियम निराळा. पिकाचा हक्क कापणीच्या दिवशीच देऊन टाका, असे कुराण सांगते. किती द्यायचे ते पैगंबरांनी ठरवून दिले. पावसावर पीक आले तर दहावा हिस्सा. कष्टाने पाणी ओढून दिले तर विसावा. मोट हाकणाऱ्याचा घाम त्यात धरला आहे बघा.

मापात पाप

आपण ‘मापात पाप’ म्हणतो. कुराणात एका सुरेला नावच मिळाले आहे माप मारणाऱ्यांवरून. लोकांकडून घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि लोकांना देताना कमी देतात, अशा माणसांचा तिच्या सुरुवातीलाच धिक्कार आहे. शुऐब नावाच्या पैगंबराची कथाही कुराणात पुन्हा पुन्हा येते. मदियन नावाच्या गावचे लोक तागडीत फसवीत. शुऐबने त्यांना परोपरीने सांगितले. त्यांनी ऐकले नाही. शेवटी त्या लोकांचा नाश झाला.

धर्मग्रंथात तागडीला इतके मोठे स्थान का, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. देवळात, मशिदीत माणूस दिवसातून थोडा वेळ असतो. तागडी दिवसभर हातात असते. आणि तागडीत मारलेले पाव किलो गिऱ्हाइकाला कळत नाही. जिथे कोणी पाहत नाही, तिथेच माणसाची परीक्षा होते. आता बॅटरीचे वजनकाटे आले. काट्यावर लाल आकडे दिसतात, पण पाप करणाऱ्याला त्यातही वाट सापडते.

कर्जाचा कागद

आता सांगतो ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कुराणातली सर्वांत लांब आयत कोणती? तिच्यात स्वर्गाचे वर्णन नाही, लढाईचे नाही. ती आयत आहे कर्जाचा कागद कसा लिहावा याबद्दल. दुसऱ्या सुरेतली ती २८२ वी आयत.

ती काय सांगते ते नीट ऐका. मुदतीने कर्ज दिले-घेतले, तर ते लिहून ठेवा. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. लिहिणाऱ्याने पक्षपात न करता लिहावे. ज्याला लिहिता येते त्याने लिहायला नाही म्हणू नये, कारण ही विद्या त्याला अल्लाने दिली आहे. दोन पुरुष साक्षीला घ्या. दोन नसतील तर एक पुरुष आणि दोन स्त्रिया घ्या. साक्षीदाराला बोलावले तर त्याने यायला नाही म्हणू नये. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला कोणी त्रास देऊ नये. हातोहात रोखीचा व्यवहार असेल, तर न लिहिले तरी चालेल.

या सगळ्यात मला एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कागदाचा मजकूर कोणी सांगायचा? कर्ज देणाऱ्याने नव्हे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने सांगायचा! त्याने बोलायचे आणि लिहिणाऱ्याने लिहायचे. तो अजाण असेल, दुबळा असेल, त्याला सांगता येत नसेल, तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने सांगायचे.

असे का, ते गावच्या माणसाला समजावून सांगायला नको. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि मागाहून पाचशेचे पाच हजार लिहायचे, हा खेळ आपल्या बापजाद्यांनी भोगला आहे. शेते गेली, बैल गेले. तोंडी व्यवहारातही कमजोर माणूसच मरतो, कारण धनिकाच्या शब्दाला वजन असते. म्हणून आयत म्हणते, लिहा. आणि ज्याला फेडायचे आहे त्याच्या तोंडून लिहा.

त्याच जागी, जरा आधी, आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली ही, की व्यापार करावा, पण व्याज खाऊ नये. दुसरी ही, की कर्जदार अडचणीत असला तर त्याला हात सैल होईपर्यंत मुदत द्यावी. कर्ज सोडूनच दिले तर आणखी चांगले.

आता खरे सांगायचे तर, ही आयत रोज वाचणारी आणि भावाभावांतला व्यवहार तोंडी ठेवून पुढे कोर्टात भांडणारी माणसेही आहेत. त्याचे एक कारण भाषा हेही आहे. कुराण अरबीत आहे. आपल्याकडची मुले मक्तबात अक्षरे शिकतात आणि अस्खलित वाचतात. पण अरबी भाषा येत नाही, म्हणून अर्थ कळत नाही. आपण सर्वांत लांब आयत वाचतो ती कर्जाच्या कागदाची, हे वाचणाऱ्याला ठाऊकच नसते. आता कुराणाची मराठी भाषांतरे मिळतात. ज्याला मराठी वाचता येऊ लागले त्याला ती उघडता येतात. मुसलमानांनीच वाचावे असेही नाही. कोकणातल्या गागोद्याचे विनोबा भावे अरबी शिकले, मुळातून कुराण वाचले आणि त्यातल्या निवडक वचनांचा ‘कुराण-सार’ हा ग्रंथ तयार केला. तो १९६२ साली निघाला.

मुलीचा वाटा

सर्वांत जड जाते ते इथे. तागडी सरळ धरणारा माणूसही जमिनीच्या वाटणीला बसला की वेगळा होतो.

इस्लाम येण्याआधी अरबस्तानात बाईला बहुधा वारसा मिळत नसे. जो घोड्यावर बसून लढेल त्याला माल मिळे. पोरकी पोरे आणि विधवा यांचे हाल होत. ६२५ साली उहुद इथे लढाई झाली. तीत मदिनेचे बरेच लोक पडले. साद बिन रबी हे त्यांतले एक. मागे बायको आणि दोन मुली राहिल्या. सादच्या भावाने सगळी मालमत्ता उचलली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यात काही वावगे नव्हते.

सादची विधवा दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली. तिने सांगितले, की या सादच्या मुली. यांच्या चुलत्याने यांना काही ठेवले नाही. पैशाशिवाय यांची लग्ने कशी व्हायची? पैगंबर म्हणाले, की अल्ला याचा निवाडा करील. मग वारशाच्या आयती आल्या. पैगंबरांनी चुलत्याला बोलावले आणि हुकूम केला. मुलींना दोन-तृतीयांश दे. त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे. उरेल ते तुझे.

हिशेब करून बघा. मालमत्ता २४ रुपयांची धरा. दोन मुलींना १६ रुपये. आईला ३ रुपये. चुलत्याला ५. कालपर्यंत ज्याच्या हातात चोवीस होते, त्याच्या हातात आज पाच आले. कुराणाप्रमाणे वागणे म्हणजे काय, ते त्या दिवशी त्या चुलत्याला चांगलेच कळले असेल!

या आयती कुराणाच्या चौथ्या सुरेत आहेत. मयताचे कर्ज आणि मृत्युपत्र आधी भागवायचे, मग वाटे करायचे. भाऊ आणि बहीण दोघे असतील तर भावाला दोन भाग आणि बहिणीला एक. बहिणीला अर्धाच का, असे आज पुष्कळ लोक विचारतात. घरखर्चाचा बोजा पुरुषावर टाकला आहे म्हणून, असे जाणते सांगतात. काहींचे त्याने समाधान होते, काहींचे होत नाही. पण एक गोष्ट वादाची नाही. मुलीचा वाटा ही भावाची मेहेरबानी नव्हे. तो ठरवून दिलेला हक्क आहे. त्याच सुरेत पोरक्यांबद्दल असे सांगितले आहे, की जे अन्यायाने त्यांचा माल खातात ते पोटात आग भरतात.

आता अरबस्तानातून आपल्या मुंबईला या. साल १८४७. मुंबईत खोजा आणि कच्छी मेमन हे व्यापारी मुसलमान समाज होते. त्यांचे पूर्वज पूर्वी हिंदू होते. धर्म बदलला, पण वारशाची चाल जुनीच राहिली. मुलीला पोटापुरते आणि लग्नापुरते द्यायचे. बाकी सगळे मुलांचे. घरात कुराण होते. चौथी सुराही त्यात होती.

या समाजातल्या मुली कोर्टात गेल्या. कुराणाच्या कायद्याने आमचा बापाच्या मालमत्तेत वाटा आहे, तो द्या, असे त्यांचे म्हणणे. समाजाचे पुढारी म्हणाले, की आमच्यात अशी चाल नाही. मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला. जुनी चाल सिद्ध झाली आहे, तेव्हा चालच चालेल. मुली हरल्या.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मुली कुराण पुढे करीत होत्या आणि त्यांच्याच धर्माचे बाप्ये लोक रूढी पुढे करीत होते. आणि तेच बाप्ये रमजानचे रोजे धरीत असणार, ईदची नमाज पढत असणार. ते धर्माचे वैरी नव्हते. इतकेच, की रोज्याने पोट रिकामे राहते ते संध्याकाळपर्यंत, आणि बहिणीला दिलेला वाटा परत येत नाही.

असे मुंबईतच होते असेही नाही. पंजाबातही शेतकरी मुसलमानांत रूढी चाले आणि मुलीला जमीन मिळत नसे. शेवटी १९३७ साली शरियत कायदा झाला. मुसलमान स्त्रियांच्या संघटनांनीही रूढीविरुद्ध आवाज उठवला होता. मुसलमानांच्या वारशाला रूढी नव्हे तर शरियत लागू, असे या कायद्याने ठरले. पण त्यातही शेतजमिनीचा प्रश्न वगळला होता. त्या वेळी तो विषय प्रांतांच्या हाती होता. पुढे दक्षिणेकडच्या काही राज्यांनी ही फट बुजवली. सगळीकडे ती बुजली नाही.

आणि कायदा असला तरी घरात काय होते? बाप वारतो. चाळीस दिवस होतात. भाऊ एक कागद आणतो. म्हणतो, “ताई, इथे जरा अंगठा दे. तलाठ्याकडे नाव लावायचे आहे.” तो असतो हक्कसोडीचा कागद. हे मुसलमान घरातच होते असे कोणी समजू नये. मराठा, माळी, वाणी, ब्राह्मण, कोणाच्याही घरी जा. बहिणीला माहेर तुटायची भीती असते. ती कागद न वाचता अंगठा देते. चोळी-बांगडीवर बोळवण होते. राजीखुशीने, समजून उमजून कोणी हक्क सोडला तर तो तिचा प्रश्न. पण कर्जाचा कागद देणेकऱ्याच्या तोंडून लिहा असे सांगणाऱ्या ग्रंथाला, न वाचलेल्या कागदावरचा अंगठा कसा चालेल?

त्याच चौथ्या सुरेत वाटणीच्या दिवसाबद्दल एक आयत आहे. वाटणीला बसलात आणि ज्यांचा हिस्सा निघत नाही असे लांबचे नातलग, पोरकी मुले, गोरगरीब तिथे येऊन उभे राहिले, तर त्यांनाही त्यातले काही द्या, असे ती सांगते. आणि त्यांच्याशी गोड शब्दात बोला.